मुलाखतीत ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं का?

वेर्णा_शिफ्ट

मंडळी, गेल्या आठवड्यात कंपनीतर्फे एका कॉलेजात कॅम्पस मुलाखतींसाठी गेलो होतो. मी एचआरवाला नव्हे, औषध कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोलचा माणूस. पण ट्रेनी केमिस्ट घ्यायचे असले की लॅबमधल्या कुणाला तरी पॅनेलवर बसवतात, आणि यंदा ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. दिवसभरात सव्वीस मुलं. दुपारनंतर मला स्वतःचंच नाव सांगताना अडखळायला होत होतं, तर त्या पोरांचं काय झालं असेल!

त्यात एक मुलगा सत्तरी तालुक्यातला. मार्क चांगले. मी अगदी साधा प्रश्न विचारला. टायट्रेशन करतोयस, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजतोयस, फिकट गुलाबी रंगाला थांबायचं होतं, एक-दोन थेंब जास्त पडले आणि सगळं गडद झालं. काय करशील? उत्तर सरळ आहे: ते रीडिंग धरायचं नाही, तसं लिहून ठेवायचं आणि पुन्हा करायचं. पोराने मान खाली घातली आणि म्हणाला, “सर, माझ्याकडून तसं होत नाही.”

आता टायट्रेशन करताना ज्याच्याकडून तसं झालं नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग बायोडेटात ‘छंद: नाटक’ दिसलं म्हणून विचारलं. गावच्या जत्रेच्या नाटकात औरंगजेब केलाय म्हणाला. माझ्यासोबतच्या मॅडम म्हणाल्या, एखादं वाक्य म्हणून दाखव. पोरगा खुर्चीवरून उठला, खांदे मागे घेतले आणि जो आवाज लावला, बाहेर बसलेली मुलं दारातून डोकावली. दोन मिनिटं आम्ही दोघंही गप्प. मग तो खुर्चीत बसला आणि आवाज पुन्हा पोटात गेला.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. उभं राहणं आणि बसणं यांच्यामधल्या दोन फुटांत हा आत्मविश्वास सांडतो कुठे?

स्वतःचंही सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रपाळी, दोन-अडीचची वेळ. तेव्हा आमच्या काट्याला प्रिंटर नव्हता, वजन हाताने लिहायचं. २५.२१ च्या जागी २५.१२ लिहिलं आणि लक्षात आल्यावर त्याच आकड्यावर गिरवून दोनाचा एक, एकाचा दोन केला. आमच्या धंद्यात खाडाखोड म्हणजे पाप. चुकलेला आकडा एका रेघेने असा खोडायचा की खालचा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर तर लॅबच्या दारातून आत येत नाही. सकाळी सीनियरने वही उघडली आणि एवढंच म्हणाला, “चूक सगळ्यांच्या हातांतल्यान जाता. लिपयली कित्याक?” म्हणजे, लपवलीस कशाला? उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की मी घाबरलो होतो. नियम मला तोंडपाठ होता, परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क मिळाले होते. ती एक सरळ रेघ मारायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

ते कॉलेजात शिकवता येतं का? हल्ली सॉफ्ट स्किल्स नावाचे तास असतात ना, त्यात नक्की काय होतं? विद्यार्थी, मास्तर, आईबाप, कुणीही सांगा.

काजूबी

मी सध्या ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात एमएस्सीला आहे, त्यामुळे माझं ताजं आहे.

आमच्याकडे सॉफ्ट स्किल म्हणजे इंग्रजी. कुणी तसं फळ्यावर लिहीत नाही, पण समजायचं ते सगळे समजतात. मी चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत. पाचवीपासून हायस्कूल, म्हणजे इंग्रजी. पहिल्या दिवशी ‘मे आय गो टू टॉयलेट’ हे वाक्य पाठ करून गेले होते. बसमध्ये पुटपुटत होते. वर्गात हात वर करायची हिंमत झाली नाही, घरी येईपर्यंत कळ काढली. हसू नका, माझ्या वर्गात असे निम्मे होते.

आणि ते ‘आय कॉन्टॅक्ट’. वर्कशॉपला आलेले सर सांगत होते, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. आमच्या घरी मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोललं तर आजी म्हणते, “कशी वर तोंड करून बोलते बघ!” वीस वर्षांची सवय दोन तासांच्या वर्कशॉपने जाते होय? प्रमाणपत्र मात्र मिळालं. रंगीत आहे.

तो सत्तरीचा मुलगा कोण माहीत नाही, पण मला तो पक्का कळला. ‘माझ्याकडून होत नाही’ हे खोटं नव्हतं हो. आमच्या प्रॅक्टिकलला रंग गडद झाला तर सर ओरडतात आणि मार्क कापतात. मग शेजारणीचं रीडिंग बघून लिहायचं. तीन वर्षं हेच शिकलो की चूक सांगायची नसते, आणि तुम्ही एका दुपारी येऊन म्हणता सांगा.

तिस्क_उसगाव

वाचतोय. शेवटचा परिच्छेद शंभर टक्के.

मांडवीकाठ

@काजूबी, तुझं वाचून मान खाली गेली, कारण ओरडणाऱ्या सरांपैकी मीही एक आहे. कॉलेजात शिकवतो, सॉफ्ट स्किलचा पेपरही माझ्याकडे असतो, कारण ज्याच्या तासांचा भार कमी त्याच्याकडे तो येतो. हे पहिलं सत्य.

दुसरं गणिताचं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे २०२३-२४ पासून पदवीला कौशल्याचे, मूल्यवर्धनाचे वेगळे क्रेडिट आले. त्याआधी २०१९ मध्ये यूजीसीने ‘जीवन कौशल्य’ नावाचा अभ्यासक्रमही काढला होता. कागदावर वाईट काहीच नाही: संवाद, गटात काम, नेतृत्व, मूल्यं. पण माझ्या वर्गात साठ मुलं. प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला दिली तरी तीनशे मिनिटं, म्हणजे सलग पाच तास. त्यात मी कुणाला काही सुचवायचं, त्याने सुधारून पुन्हा करायचं, याला जागाच नाही. सेमिस्टरला एका मुलाच्या वाट्याला एक पाळी येते. पोहायला शिकवताना एकदाच पाण्यात ढकलायचं आणि ‘झालं तुझं’ म्हणायचं, तसं.

मग उरलेल्या तासांत काय करतो? संवादाच्या व्याख्या सांगतो. त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो.

एक गंमत. ‘सॉफ्ट स्किल’ हा शब्द मुळात अमेरिकेच्या सैन्यातला. १९७२ मध्ये त्यांची यावर एक परिषदच भरली होती. यंत्राशी संबंध येतो ते हार्ड स्किल आणि माणसांशी, कागदांशी येतो ते सॉफ्ट, अशी साधारण विभागणी होती. रणगाडा चालवणं हार्ड, पलटण सांभाळणं सॉफ्ट.

वेर्णा_शिफ्ट

@मांडवीकाठ, ‘कागदांशी’ हे वाचून थांबलो. म्हणजे माझी ती वही मुळातच सॉफ्ट स्किल होती! काटा चालवणं मला येत होतं. कागदाशी खरं बोलणं येत नव्हतं.

@काजूबी, तू म्हणतेस ते मला त्या खोलीत सुचायला हवं होतं. पटलं.

पेडणेकार

सगळे गोड गोड बोलताहात म्हणून थोडं मीठ घालतो.

नोकऱ्या कमी आणि पोरं जास्त, की कंपन्यांना नाही म्हणायला एक सभ्य कारण लागतं. मार्क कमी म्हणावं तर मार्क आहेत. मग ‘कॉन्फिडन्स कमी वाटला’. हे मोजायचं कशाने? तुमच्या त्या काट्यावर? आमच्या वेळी एकच सॉफ्ट स्किल होतं, ओळख. अजूनही घरोघरी आईबाप पोराला म्हणतात, खाजगीत कुठे जातोस, सरकारी बघ. त्याला मुलाखतीची भीती हेही एक कारण आहे, कुणी कबूल करत नाही एवढंच.

आणि कौशल्य लागतं हे मान्य केलं तरी ते वर्गात येत नाही. मोपाचा विमानतळ सुरू झाला २०२३ च्या जानेवारीत. माझा भाचा तिथे कामाला लागला. बी.ए. जेमतेम, सॉफ्ट स्किलचा एकही तास केलेला नाही. पण दोन वर्षं घरच्या सोड्याच्या गाड्यावर उभा होता. सुट्टे नाहीत म्हणून भांडणारा, उधारी बुडवणारा, प्यायलेला, दिल्लीचा, बेळगावचा, सगळी गिऱ्हाइकं त्याने सांभाळलीत. मुलाखतीत विचारलं, प्रवासी ओरडायला लागला तर काय करशील? म्हणाला, आधी ओरडू देतो, मग त्याला काय हवं ते विचारतो. घेतलं.

शेवंतें

@पेडणेकार, तुम्ही विरोधात बोलायला आलात आणि तुमच्या भाच्याने सगळा सिद्धांतच सांगून टाकला. :) मी समुपदेशक आहे, कॉलेजातल्या मुलांसोबतच काम असतं, त्यामुळे जरा लांबण लावते.

आपण ‘आत्मविश्वास’ या एका पिशवीत दोन वेगळ्या वस्तू कोंबतो. एक म्हणजे ‘मी भारी आहे’ ही भावना. दुसरी, ‘हे अमुक काम मला जमेल’ हा हिशेब. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दुसरीवर बोट ठेवलं. त्याच्या मते ती चार वाटांनी येते. स्वतः करून जमलं, ही सगळ्यांत पक्की. मग आपल्यासारखंच कुणीतरी करताना पाहिलं. मग कुणीतरी विश्वासाने ‘तुला जमेल’ म्हटलं. आणि चौथी, आपली छाती धडधडते तिचा आपण काय अर्थ लावतो. वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा फक्त तिसरी असते, तीही माइकवरून, नाव माहीत नसलेल्या दोनशे मुलांना एकदम.

बँडुराचे प्रयोग सापाला घाबरणाऱ्या लोकांवर होते. त्यांना ‘साप गरीब असतो’ असं व्याख्यान दिलं नाही. आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग जवळ जायचं, मग हातमोजा घालून शिवायचं, मग मोज्याशिवाय. पायरी पायरीने, आणि सोबत कुणीतरी उभं. पुष्कळ जण थोड्याच वेळात साप हातात धरू लागले.

आता पिशवीतल्या पहिल्या वस्तूचं. ‘मी भारी’ वाढवलं की मुलं आपोआप पुढे जातील, असं कॅलिफोर्निया राज्याला १९८० च्या दशकात इतकं पटलं होतं की त्यासाठी सरकारी समिती नेमली गेली. पुढे रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, तर ही भावना वाढवल्याने अभ्यास सुधारतो असा आधार मिळेना. उलट चांगलं काम झालं की भावना मागून येते, अशीच चिन्हं जास्त. तेव्हा आरशासमोर ‘मी जिंकणारच’ म्हणायला लावणाऱ्यांना मी लांबून नमस्कार करते.

म्हणून औरंगजेबाचा आवाज खुर्चीत का उतरला नाही, याचं मला नवल वाटत नाही. ‘मला जमेल’ हे त्या त्या कामापुरतं असतं. रंगमंचाचा हिशेब त्याच्याकडे जमा होता, मुलाखतीच्या खात्यात शून्य.

घोटेलीचो_राखणो

आमच्या सत्तरीत साप परसात असतात, प्रयोगशाळा लागत नाही. तरी माझी बायको अजून मोजा घालायच्याच पायरीवर आहे.

तालीमवाला

नाटकाचा विषय निघालाय, आता मला कोण अडवणार! पंचवीसेक वर्षं गावच्या उत्सवी नाटकात आहे. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतही दोन-चारदा उतरलोय. (बक्षीस विचारू नका.)

@शेवंतें म्हणतात ते शास्त्राने बरोबर असेल, पण खात्यात अगदी शून्य असं मी नाही म्हणणार. त्या पोराला औरंगजेब कसा जमला ते बघा. महिना-दीड महिना रोज रात्री देवळाच्या सभामंडपात तालीम. पहिले आठ दिवस नुसतं वाचन, तेही अडखळत. कोण तरी काका ओरडणार, “अरे, हात खिशातून काढ, बादशहाला खिसे नसतात!” मग उठून चालणं. मग पाठांतर. मग प्रॉम्प्टर हळूहळू गप्प होतो. प्रयोगाच्या रात्री समोर साऱ्या गावाला वाटतं, पोराच्या अंगातच आहे. अंगात काही नसतं. चाळीस रात्री असतात.

हाच पोरगा आयुष्याचा प्रश्न असलेल्या मुलाखतीला किती तालमी करून आला? माझी पैज आहे, एकही नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की याचीही तालीम असते. त्याला वाटतं मुलाखतीत ‘खरं’ बोलायचं, मग तालीम कशाला? अहो, खरं बोलायलाच जास्त तालीम लागते. नाटकात वाक्य लेखकाचं असतं, पडलं तर लेखकाचं पडतं. मुलाखतीत स्वतःचं वाक्य, स्वतःच्या नावाने.

शिवाय चूक. प्रवेशात वाक्य विसरणं आम्हा सगळ्यांचं झालंय. एकदा माझी तलवार म्यानातून निघेचना. समोरच्या नटाने काय करावं? म्हणाला, “महाराज, आज तलवारीनेही तुमचा राग ओळखला!” टाळ्या. चुकल्यावर पुढे कसं जायचं ते आम्ही तिथे शिकतो. वेर्ण्याच्या साहेबांनी टायट्रेशनऐवजी ‘नाटकात वाक्य विसरलास तेव्हा काय केलंस’ असं विचारलं असतं, तर पोराने हवं तेच उत्तर दिलं असतं.

मांडवीकाठ

@तालीमवाला, हे लिहून घेतलं.

@पेडणेकार, मोजता येत नाही म्हणून ते नाहीच, असं मात्र नाही. डेव्हिड डेमिंग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या १९८० ते २०१२ च्या नोकऱ्या तपासल्या. माणसांशी भरपूर संबंध येणाऱ्या कामांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा त्या काळात जवळपास १२ टक्के-बिंदूंनी वर चढला. गणित आणि माणसं दोन्ही सांभाळावी लागतात अशा कामांचं विशेष बरं झालं.

पेडणेकार

अमेरिकेचं झालं. पेडण्याचं बोला.

(भाच्याला सिद्धांत वगैरे म्हटलंत ते त्याला सांगितलं. म्हणतो, मग सोड्याच्या गाड्याचं सर्टिफिकेट द्या.)

चेकइन_चेकआउट

कळंगुटला हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला बारा वर्षं आहे. आमचं तर पोटच सॉफ्ट स्किलवर, पण त्याची दुसरी बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

डिसेंबरातली रात्र, खोली तयार नाही, गिऱ्हाईक दहा तास प्रवास करून आलंय, कडेवर लेकरू. तो माझ्या अंगावर ओरडतो. मी आधी मुलासाठी पाणी मागवते, काउंटरच्या बाहेर येते, बसायला सांगते, आणि खोलीला चाळीस मिनिटं लागतील तर पंचेचाळीस सांगते, पंधरा कधीच नाही. ही कला आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण घरी गेल्यावर मुलीने साधं ‘आई’ म्हटलं तरी मी खेकसते, कारण दिवसभराचं गोड बोलणं संपलेलं असतं. आर्ली हॉकशिल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाई सुंदऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं होतं. एका ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, चला, श्रम तरी म्हटलं कुणी.

नवीन मुली येतात त्यांना कॉलेजने ‘हसा’ एवढंच शिकवलेलं असतं. नाही कसं म्हणायचं ते शिकवलेलं नसतं. गिऱ्हाईक फोन नंबर मागतं तेव्हाही हसतच उभ्या. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडून एकच करून घेते. माझ्यासमोर उभं राहायचं आणि हसू न आणता, सॉरी न म्हणता म्हणायचं: “ते शक्य नाही, सर.” दहा वेळा. चौथ्या वेळेपर्यंत त्यांना रडू येतं. आठव्या वेळेला आवाज येतो.

काजूबी

@चेकइन_चेकआउट, अंगावर काटा आला. मला हे आत्ता, ताबडतोब करायचंय.

@वेर्णा_शिफ्ट, एक विचारू? तुमच्या पॅनेलसमोर मराठीत किंवा कोकणीत उत्तर दिलं तर चालतं का?

वेर्णा_शिफ्ट

खरं सांगतो. आमची कागदपत्रं सगळी इंग्रजीत, ऑडिटला परदेशातून माणसं येतात, त्यामुळे लिहिता-वाचता यायलाच हवं. पण लॅबमध्ये रात्री दोन वाजता कुणी इंग्रजी बोलत नाही. मी तरी एखादा अडकला की म्हणतो, तुला येतं त्या भाषेत सांग, मग तेच इंग्रजीत सांग. सगळे तसं म्हणतील याची हमी नाही. तूच विचारून टाक: “आधी मराठीत सांगितलं तर चालेल का, सर?” असं विचारणारी पोर मला आवडेल, बाकीच्यांचं माहीत नाही.

त्या मुलाचं बरेच जण व्यक्तिगत निरोपात विचारताहात. त्याच्या नावावर आमचं दोघांचं एकमत होत नव्हतं, त्याला दुसऱ्या फेरीला बोलावलंय. @तालीमवाला, तुमचा प्रश्न मी चोरणार आहे.

@मांडवीकाठ, तुमच्या साठ मुलांचं काय करता येईल ते बोलू. शनिवारी माझी सुट्टी असते. आम्ही लॅबमधले तिघे येऊ शकतो, चार खोल्यांत पंधरा-पंधरा मुलं बसवली तर प्रत्येकाला दोनदा पाळी मिळेल. भाषण देणार नाही, हे आधीच सांगतो.

मांडवीकाठ

चौथ्या खोलीत मी. परवानगीचा अर्ज उद्याच टाकतो. आणि ओरडणार नाही, हे @काजूबीसाठी.

तालीमवाला

तलवार आणू का?

काजूबी

अपडेट. काल रात्री हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघींनी केलं. एक पॅनेल, एक उमेदवार, दोघी बघणाऱ्या. उत्तर येणारच नाही असा प्रश्न मुद्दाम विचारायचा, असं ठरलं होतं. मी पहिल्यांदा म्हणाले, “आय डोन्ट नो सर सॉरी सॉरी मी वाचून येते सॉरी.” मैत्रिणीने बोटांवर मोजले, तीन सॉरी. दुसऱ्या वेळेला दोन. पाचव्या वेळेला एकही नाही, पण डोळे जमिनीवर. आज पुन्हा बसतोय, आज डोळ्यांचं बघू. आजीला काही सांगितलेलं नाही.